सूड, पुनर्जन्म आणि १९४८

तर मंडळी, गेल्या शनिवार-रविवारी माकणीला जाऊन आलो. (लोहारा तालुका, तेरणेवरचं धरण आहे ते गाव. पुण्यात सांगितलं की लोक "कुठे आलं हे?" विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.) आज्जी मोबाइलवर एक चिनी मालिका बघत होती, हिंदीत डब केलेली. वय पंच्याऐंशी, पण एकही भाग चुकवत नाही :-)

गोष्ट अशी. जुन्या काळातली एक वैद्यीण. घरच्यांनीच दगा देऊन तिला मारलेलं. ती पुन्हा जन्माला येते ती मागचं सगळं आठवत. मग दिवसा लोकांची नाडी बघायची, रात्री तलवार घेऊन एकेका गुन्हेगाराला गाठायचं. गंमत म्हणजे तिचा वार कधी चुकत नाही. ज्याने केलं तोच मरतो, शेजारचा नाही.

बघता बघता मला आमच्याच जिल्ह्याचा सूड आठवला.

आज्जीकडून रझाकारांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्यात. लूट, जाळपोळ, रात्री रानात लपणं. ते सगळं खरंच होतं, त्यात शंका नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून लष्कर आत शिरलं, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ तारखेला निजामाने शस्त्रं ठेवली. आज्जीची गोष्ट इथे संपते. शाळेतल्या पुस्तकातलीही इथेच संपायची. त्या दिवसाची आपल्याला सुट्टी असते.

पण १८ तारखेपासून पुढे काय झालं?

ते शोधायला नेहरू सरकारने तीन माणसं पाठवली: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ते संस्थानभर फिरले. त्यांचा अंदाज असा की 'पोलीस ॲक्शन'च्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक सगळे मुसलमान. सर्वात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. आपला जिल्हा त्यात आहे! लातुरात वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली, हजारावर माणसं मेली, त्यात कच्छी व्यापाऱ्यांची पेठ होती. काही ठिकाणी लष्कर-पोलिसांतले लोकही लुटीत सामील होते, असंही त्यांनी लिहिलंय. अहवाल सरकारने छापलाच नाही. पूर्ण मजकूर सर्वसामान्यांच्या हाती आला २०१३ च्या सुमारास.

आणि रझवी? त्याच्यावर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ ला सुटून पाकिस्तानात गेला, १९७० मध्ये कराचीत वारला. म्हणजे ज्याच्या नावाने सूड घेतला त्याला वकील मिळाला, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते विणकर, दुकानदार, शेतमजूर. आमच्या भाषेत सांगायचं तर बग एका फाइलमध्ये आणि डिलीट केली दुसरीच. (उपमा फालतू आहे, कळतंय मला.)

याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. काही गावांत हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने आपल्याच लोकांसमोर उभे राहिले, काहींचा जीवही गेला. पळवून नेलेल्या बायका परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. त्या विणकरांची नावं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत. मालिका काढायची तर यांच्यावर काढा की राव.

असो. रात्री जेवताना आज्जीला विचारलं, "तुझ्या माहेरी पोलीस ॲक्शन नंतर काय झालं गं?"

"काय व्हायचंय. समदं शांत झालं."

"आणि शेजारी मुसलमानांची घरं होती ना?"

"व्हती. दोन."

"मग?"

तिने ताटातली भाकरी मोडली, बराच वेळ काही बोलली नाही.

"गेली ती. कुठं गेली ते कुणी इचारलं न्हाई बाबा."