लुगड्यापासून गोधडीपर्यंत

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण किंवा पांघरूण. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. दुलई, रजई, लेप यांच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. तो भरायला पिंजारी लागतो आणि पाण्यात घातला की त्याचे गोळे होतात. गोधडीत सुटा कापूस नसतो, आतबाहेर सगळे कापडच असते. म्हणून ती नदीवर नेऊन पायाने तुडवता येते, खडकावर आपटता येते. घट बसण्यापूर्वी घरातल्या साऱ्या गोधड्या धुऊन वाळवण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी टिकून आहे.

गोधडीचा इतिहास हा खरे तर घरातल्या कापडाचा इतिहास आहे. हातमागाचे कापड महाग होते आणि शेतकरी घरात नवे लुगडे क्वचित येई. त्याचा शेवटचा धागा वापरला जाईपर्यंत त्याला निवृत्ती नसे. मध्यभागी लुगडे विरले की तेवढा भाग कापून दोन्ही धडके भाग जोडत. याला दांड घालणे म्हणत. दांड घातलेले लुगडेही फाटले की त्यातून झबली, परकर, दुपटी निघत. उरलेले गोधडीत जाई आणि गोधडीही झिजली की तिचे पोतेरे होई. या क्रमात गोधडीची जागा जवळजवळ शेवटची. तिचे रूप कसे असेल हे शिवणारीच्या आवडीइतकेच हाताशी उरलेल्या कापडाने ठरवले.

नऊवारी लुगडे यासाठी विशेष सोयीचे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरचा होतो. दोन-दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की गोधडीची वरची आणि खालची अशी दोन्ही अंगे तयार होतात. मध्ये धोतरे, सदरे, फाटक्या चादरी पसरायच्या. एकच धड लुगडे मिळाले नाही तर वरचे अंग ठिगळांचे करायचे. ठिगळांच्या गोधडीचा देखणेपणा असा गरजेतून आला, पण मांडणी करणारीची नजर त्यात पुरेपूर दिसते. इरकली काठ कडेला, खणाचा तुकडा मध्यावर, गडद रंगाशेजारी फिका, ही निवड आंधळी नसते.

शिवणकामाची रीत साधी आहे आणि तिच्यामागे पक्का विचार आहे. थर जमिनीवर ताणून पसरतात, कडा आत मुडपून घेतात आणि टाके कडेपासून सुरू करतात. पहिली ओळ चारी बाजूंनी फिरते, दुसरी तिच्या आतून, तिसरी तिच्याही आतून. अशी चौकोनी वेटोळी मध्यापर्यंत जातात. जागोजाग टाके पडल्याने थर सरकत नाहीत आणि एक धागा तुटला तरी बाकीची वीण शाबूत राहते. टाके जितके जवळ तितकी गोधडी टिकाऊ. सुगी संपल्यावरचे कोरडे दिवस या कामाचे. चार जणी चार बाजूंना बसत आणि लहान मुलींना एखाद्या कडेला सरळ टाके घालायला बसवत. मुलीची पहिली स्वतंत्र शिवण बहुधा तान्ह्या बाळाच्या दुपट्याची असे. त्याला थर कमी लागतात, आकार हाताच्या आवाक्यात राहतो आणि चुकलेली ओळ उसवणे सोपे जाते. दुपट्याला आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतरच हवे असा आग्रह असे, कारण वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सूत बाळाच्या अंगाला टोचत नाही. ज्या घरात शिवायला सवड नसे तिथे गावोगाव फिरणाऱ्या बाया धान्याच्या किंवा पैशांच्या मोबदल्यात गोधड्या शिवून देत.

जोडलेल्या चिंध्यांना वैराग्याचाही जुना अर्थ आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असे. विनयपिटकात अशी कथा आहे, की मगधातल्या बांध घातलेल्या शेतांसारखी त्याची मांडणी बुद्धाच्या सांगण्यावरून त्यांचा शिष्य आनंद याने केली. महाराष्ट्रात गाडगेबाबा (1876-1956) अंगावर ठिगळांचे वस्त्र वापरीत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज आणि चिंधेबुवा म्हणत.

चिंध्यांचा पुरवठा बदलला तो गिरण्यांमुळे. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरणीचे स्वस्त कापड, छापील चिटे गावोगाव पोहोचली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्र भारतात आले. 1930 च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' यंत्रे बनू लागली. शिंपी गावात बसू लागला, तसे त्याच्या दुकानातले कापडाचे तुकडे हा गोधडीला नवा झरा मिळाला. आधी गोधडीत घरातलेच रंग असत. आता गावातल्या परक्या घरांतले परकर-पोलकेही तिच्यात येऊन बसले. बारीक त्रिकोण, चौकोन आणि रंगांची भरगच्च गर्दी असलेल्या गोधड्यांना इथे मोठा वाव मिळाला.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी स्त्रिया कवंद नावाची ठिगळांची पांघरुणे शिवतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या लोकांपैकी जे जंगलात निसटले, त्यांचे वंशज या वस्त्यांत आहेत. कोकणी-मराठीशी जवळीक असलेली बोली ते बोलतात. कवंदही कडेकडून मध्याकडे शिवले जाते, मात्र ठिगळे आणि टाके एकाच वेळी पुढे सरकतात. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले बसवतात. त्यांच्याशिवाय कवंद उघडे समजतात. गोधडीशी असलेले हे नाते इतके उघड आहे, की दोन्ही शेजारी ठेवूनच पाहायला हवीत.

गोधडीला खरा धक्का दिला कृत्रिम धाग्याने. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या घरोघर आल्या; त्या लवकर फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि थर रचताना हाताखालून निसटतात. जुन्या कापडाचा साठा वाढला, पण गोधडीजोगे सूत त्यातून आटले. पुढे सोलापुरी चादर आणि यंत्रावर विणलेली ब्लँकेटे स्वस्त झाली आणि शिवायला बसणाऱ्या हातांना दुसरी कामे मिळाली. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक लिहून हे काम नोंदवून ठेवले, हे मोलाचे झाले. आता बचत गट आणि शहरी कारागीर नवे सुती कापड तुकड्यांत कापून गोधड्या शिवतात आणि मागणी सर्वांत जास्त दुपट्यांना असते. नवे कापड आटते आणि रंग सोडते, म्हणून कापण्याआधी ते धुऊन घ्यावे लागते. लुगड्याच्या गोधडीत ही पायरी नव्हती, कारण तिचे कापड आधीच वर्षानुवर्षे धुतलेले असे.