लोकांनीं निवडलेली न्यायाधीश

न्यायाधीश हा सरकारनें नेमावयाचा, अशीच आपली समजूत आहे. अमेरिकेंतील अनेक संस्थानांत मात्र जिल्ह्याच्या न्यायालयाचा न्यायाधीशहि मतपेटींतून निवडला जातो. मतांची याचना करून न्यायासनावर बसलेला मनुष्य निःस्पृहपणें निवाडा देईल काय, ही शंका कोणासहि यावी. तिचा विचार करतांना ओहायो संस्थानांतील फ्लॉरेन्स अॅलन यांचें चरित्र उपयोगीं पडण्यासारखें आहे.

अॅलनबाईंचा जन्म १८८४ चा. त्या प्रथम संगीताच्या अभ्यासक होत्या. क्लीव्हलंडच्या एका दैनिकांत त्या संगीतपरीक्षणें लिहीत. पुढें कायद्याकडे वळून १९१३ सालीं त्यांनीं न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी घेतली. ईस्ट क्लीव्हलंड गांवच्या स्त्रियांना स्थानिक निवडणुकींत मत देतां यावें, म्हणून त्या संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयांत झगडल्या व १९१७ सालीं यशस्वी झाल्या. १९१९ सालीं त्या कायाहोगा जिल्ह्याच्या साहाय्यक सरकारी वकील झाल्या.

१९२० च्या ऑगस्टांत राज्यघटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीनें अमेरिकेंतील सर्व संस्थानांत स्त्रीपुरुषभेद न करतां मताधिकार मान्य झाला. नोव्हेंबरांत जिल्हा न्यायालयाची निवडणूक होती. पण पक्षांचे उमेदवार आधींच ठरून गेले होते. मतदारांच्या सह्यांचा अर्ज, एवढा एकच मार्ग उरला होता. स्त्रियांच्या संस्थांनीं त्या सह्या गोळा केल्या, आणि बाई निवडून आल्या. अमेरिकेंत अशा न्यायालयावर निवडून आलेली ही पहिलीच स्त्री.

घटस्फोटाचे सगळे खटले बाईंनींच चालवावे, असें सहकाऱ्यांनीं सुचविलें. स्त्रीला शोभेल तेवढेंच काम द्यावें, हा त्यांतला भाव. बाईंनीं तें नाकारलें व सर्व तऱ्हेचे खटले चालविले. १९२१ सालीं क्लीव्हलंडच्या नगर-न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश विल्यम मॅक्गॅनन याच्यावर खोट्या शपथेचा आरोप येऊन तो खटला त्यांच्यापुढें उभा राहिला. पंचांनीं त्याला दोषी ठरविलें. बाईंनीं त्याला तुरुंगाची शिक्षा सुनावली. तोहि लोकांनींच निवडलेला! एकाच नगराच्या मतपेट्यांतून आलेला एक न्यायाधीश आरोपीच्या पिंजऱ्यांत, तर दुसरी न्यायासनावर!

१९२२ सालीं मतदारांनीं बाईंना संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयावर पाठविलें, १९२८ सालीं पुन्हां निवडलें. १९३४ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांना संघराज्याच्या अपील-न्यायालयावर नेमलें. १९६६ सालीं त्या वारल्या.

आपल्याकडे न्यायासन तर दूरच, वकिलीचा अधिकार देखील स्त्रियांना देशभर मिळाला तो १९२३ च्या कायद्यानें. नाशकास जन्मलेल्या व पुण्यास शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालींच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. त्यांना तीस वर्षें तिष्ठावें लागलें.

निवडणुकीनें न्यायाधीश सचोटीचा होत नाहीं; तसा तो नेमणुकीनेंहि होत नाहीं. त्या दोन्ही वाटांनीं केवळ आसन मिळतें. ज्यांनीं तें दिलें त्यांचा मिंधेपणा बाहेर ठेवून न्यायालयांत शिरणें, हें ज्याचें त्यालाच करावें लागतें. अॅलनबाईंनीं तें केलें.