सात कोटींची शिल्लक

सरकारच्या तिजोरींत पैसा उरला, ही वार्ता कानीं आली म्हणजे सामान्य माणसाला बरेंच वाटतें. संसारांत चार पैसे गांठीं राहणें हें आपण शहाणपणाचें लक्षण मानतों, आणि तेंच माप राज्यकारभारालाहि लावून मोकळे होतों. ता. २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास व्हाइसरॉयांच्या कायदेकौन्सिलांत एका पस्तीस वर्षांच्या सभासदानें हें माप राज्याच्या जमाखर्चाला लागूं पडत नाहीं असें स्वच्छ सांगितलें. त्या सालच्या सुधारलेल्या अंदाजांत सुमारें सात कोटि रुपयांची शिल्लक दिसत होती. जमाखर्च खात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांच्यावर अभिनंदनाची वृष्टि चालली होती, आणि अध्यक्षस्थानीं लॉर्ड कर्झन होते. अशा वेळीं मुंबई इलाख्याचे प्रतिनिधि गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले, आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून या अभिनंदनांत सामील होणें आपणांस शक्य नाहीं, अशाच आशयाच्या वाक्यानें त्यांनीं भाषणाला आरंभ केला.

तूट आली म्हणून सरकारला दोष देणारे पुष्कळ असतात. शिल्लक उरली म्हणून जाब विचारणारा विरळा. गोखल्यांच्या त्या प्रश्नांत काय होतें हें पाहण्यापूर्वीं ज्या सभागृहांत तो विचारला गेला त्याचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. कारण आजच्या विधानसभेचें वा लोकसभेचें चित्र डोळ्यांपुढें ठेवल्यास या प्रसंगाचें मर्म कळावयाचें नाहीं.

१८६१ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या कौन्सिलांत सभासदांना प्रश्न विचारण्याचाहि अधिकार नव्हता. १८९२ च्या कायद्यानें तो मिळाला, व वार्षिक अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मोकळीक मिळाली. पण मत देण्याची मिळाली नाहीं. प्रश्नाला सरकारनें उत्तर दिलें कीं तें निमूटपणें ऐकून घ्यावयाचें. त्यावर उपप्रश्न नाहीं, चर्चा नाहीं. प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांच्या शिफारशीनें चार प्रांतांचे चार सभासद येत व पांचवा कलकत्त्याच्या व्यापारी मंडळाचा असे. बहुमत सरकारी सभासदांचें ठरलेलेंच. वर्षांतून एकदां, मार्चअखेर, ही चर्चा व्हावयाची, आणि तोंपर्यंत खर्चाचे सारे आंकडे कायम होऊन चुकलेले असावयाचे. एक पै इकडची तिकडे करण्याचा अधिकार नसलेल्या माणसानें बोलावयाचें तें कोणासाठीं? समोर बसलेल्या सरकारसाठीं थोडें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र उघडणाऱ्या वाचकांसाठीं बरेंच, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

गोखल्यांनीं ही तयारी एका दिवसांत केलेली नव्हती. न्यायमूर्ति रानड्यांच्या हाताखालीं पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें काम करतांना सरकारी अहवालांतील आंकडे कसे वाचावे, दोन तक्त्यांतील विसंगति कशी हुडकावी, याचें कठोर शिक्षण त्यांना मिळालें होतें. १८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें त्यांनीं विलायतेंत साक्ष दिली. अंदाजपत्रक कौन्सिलांत कलमवार मंजूर व्हावें, सरकारचें बहुमत कायमचें असल्यानें यांत सरकारला धोका कांहींच नाहीं, अशी मागणी त्यांनीं तेव्हांच मांडली होती. दुसरें नांव घेतलेंच पाहिजे तें गणेश व्यंकटेश जोशी यांचें. शिक्षणखात्यांत सरकारी नोकरी करणाऱ्या या गृहस्थाचा आकडेशास्त्रांतील अधिकार असामान्य होता, व गोखल्यांच्या भाषणांमागें त्यांची टिपणें उभीं असत. नोकरीमुळें त्यांना व्यासपीठ नव्हतें. कलकत्त्यास गाजलेल्या वाक्यांमागें एका शिक्षकाची कित्येक रात्रींची जागरणें होतीं, ही गोष्ट आमच्या इतिहासलेखकांनीं जरा अधिक ठळकपणें सांगावयास हवी होती.

आतां मूळ मुद्दा. शिल्लक आली कोठून? सरकारपक्ष म्हणे, देशाची भरभराट होत आहे. गोखल्यांनीं बोट ठेवलें तें हुंडणावळीवर. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेंत जें देणें भरावें लागे, म्हणजे कर्जाचें व्याज, पेन्शनें, लष्कराचा तिकडील खर्च वगैरे, तें पौंडांत असे व कर मात्र रुपयांत वसूल होई. रुप्याचा भाव कोसळला तसा रुपयाहि घसरला, आणि १८९४-९५ सालीं त्याची किंमत तेरा पेन्सांच्या आसपास आली. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. तेव्हां एका पौंडासाठीं सुमारें साडेअठरा रुपये मोजावे लागूं लागले. ही तोंडमिळवणी करण्याकरितां कर वाढविण्यांत आले: १८८६ सालीं प्राप्तीवरील कर बसला, १८८८ सालीं मिठावरील कर मणीं दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, १८९४ सालीं आयात मालावर पुन्हां जकात बसली. परंतु १८९३ सालीं टांकसाळी लोकांच्या रुप्याला बंद करून सरकारनें रुपयाची किंमत कृत्रिम रीतीनें चढविण्यास आरंभ केला होता, आणि शतकाच्या अखेरीस ती सोळा पेन्सांवर स्थिर झाली. आतां पौंडाला पंधराच रुपये पडूं लागले. विलायती देणें सुमारें १ कोटि ७० लक्ष पौंडांचें धरलें, तर साध्या त्रैराशिकानेंच वर्षाला पांच कोटींहून अधिक रुपयांचा फरक निघतो. गरज संपली, पण गरजेसाठीं बसविलेले कर तसेच राहिले. शिल्लकेचें रहस्य एवढेंच!

रुपया महाग झाल्याचा भार कोणावर पडला, तेंहि पाहण्यासारखें आहे. शेतकऱ्याच्या कापसाला वा गव्हाला परदेशांत मिळणाऱ्या सोन्याचे रुपये कमी येऊं लागले. सारा मात्र तेवढ्याच रुपयांचा भरावयाचा. घरांतील रुप्याच्या दागिन्यांची किंमत रुपयाच्या मानानें उतरली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांत तेच दागिने मोडून लोकांना पोट भरावें लागलें. पश्चिम हिंदुस्थानांत १८९६ पासून प्लेगचें थैमान चाललें होतें तें निराळेंच. अशा काळांत तिजोरींत शिल्लकीवर शिल्लक पडत होती. गोखल्यांचें म्हणणें असें कीं, ही शिल्लक दुहेरी अन्याय करते: लोक संकटांत असतांना जरुरीपेक्षां अधिक पैसा त्यांच्याकडून काढला जातो हा एक, आणि त्याच पैशाकडे बोट दाखवून लोक सुखांत आहेत असा भ्रम पसरविला जातो हा दुसरा. माझ्या मतें या दुसऱ्या अन्यायाचा उल्लेख हेंच त्या भाषणाचें खरें बळ आहे. पहिला अन्याय पैसा परत देऊन भरून काढतां येतो. दुसऱ्यानें राज्यकर्त्याची दृष्टीच अधू होते.

मिठाविषयीं त्यांनीं दिलेला दाखला विशेष बोलका होता. प्रकृति निरोगी राहण्यास माणशीं वर्षाला वीस पौंड मीठ लागतें असें वैद्यकीय मत असतां हिंदुस्थानांत तें दहा पौंडहि खपत नाहीं, असें त्यांनीं दाखवून दिलें. मिठावरील कर उतरवावा, हजार रुपयांखालील प्राप्ति करमुक्त करावी, देशी गिरण्यांच्या कापडावरील कर रद्द करावा, साऱ्याचा बोजा हलका करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

फळ काय झालें? १९०३ सालीं मिठाचा कर दोन रुपयांवर आला, व प्राप्तीवरील कराची मर्यादा पांचशें रुपयांवरून हजारांवर गेली. १९०५ सालीं मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ सालीं एक रुपया. हें सर्व गोखल्यांमुळेंच झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. सात कोटींची शिल्लक उघड्यावर आल्यानंतर कोणत्याहि सरकारला कांहीं तरी सोडणें भाग होतें. पण कोणता कर सोडावयाचा याची यादी त्यांनीं आधीं सभागृहांत वाचून ठेवली होती, हें विसरतां येत नाहीं. कापडावरील कर मात्र पुढें वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. तेथें मँचेस्टरचा संबंध होता! पुण्यांतील जहालांना ही सनदशीर आंकडेमोड मिळमिळीत वाटे, आणि त्यांच्या शंकेला आधार नव्हता असेंहि नाहीं. १९२३ सालीं, सभासदांना मताचा अधिकार आल्यावरहि, मिठाचा कर दुप्पट करण्यास कायदेमंडळानें नकार दिला असतां व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारानें तो लादलाच.

कर हलके करा एवढेंच गोखल्यांचें मागणें नव्हतें. जो पैसा घेतां त्याचें लोकांना काय देतां, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर खुद्द सरकारच्याच कागदांत होतें. १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावांत सरकारनें कबूल केलें होतें कीं, पांच खेड्यांपैकीं चारांत शाळा नाहीं आणि चार मुलग्यांपैकीं तीन शिक्षणावांचून वाढतात. १९०९ च्या सुधारणांनीं ठराव मांडण्याचा अधिकार येतांच गोखल्यांनीं १९१० सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला, व १६ मार्च १९११ रोजीं त्याचें विधेयक मांडलें. तें इतकें सौम्य होतें कीं आज वाचतांना आश्चर्य वाटतें. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ति, तीहि ज्या नगरपालिकेस वा लोकलबोर्डास इच्छा असेल तिच्याच हद्दींत, सरकारच्या मंजुरीनें. दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्तीच्या आईबापांस फी माफ. खर्चाचे दोन वांटे सरकारनें व एक वांटा स्थानिक संस्थेनें सोसावा. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत व १९०६ सालीं सबंध संस्थानांत हेंच करून दाखविलें होतें. तेव्हां हें अशक्य आहे असें म्हणण्याची सोय नव्हती.

तरीहि प्रांतिक सरकारांचे अभिप्राय प्रतिकूल आले. गंमत अशी कीं मधल्याच काळांत, डिसेंबर १९११ मध्यें, दिल्लीदरबारांत बादशहांची देणगी म्हणून लोकशिक्षणासाठीं पन्नास लक्ष रुपये जाहीर झाले. ते रुपये बादशहांच्या खिशांतले नव्हते. मीठ, सारा, जकात यांतूनच ते जमले होते. देणगी म्हणून सरकार जें द्यावयास तयार होतें, तेंच कायद्यानें बांधून घेण्यास तयार नव्हतें. ता. १९ मार्च १९१२ रोजीं मतें मोजलीं गेलीं. विधेयकाच्या बाजूनें १३, विरुद्ध ३८. आणि विरोधकांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर कांहीं हिंदी सभासदहि होते. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं वारले. मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा अधिकार देणारा कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं झाला.