लंडनची सावित्री

आज वटपौर्णिमा. राजुरी गावात वडाभोवती सुताचे फेरे पडताहेत, ओट्या भरल्या जाताहेत. यमाच्या मागोमाग चालत गेलेल्या त्या बाईची गोष्ट तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. वेदांचं नावही परकं नाही. ज्ञानोबांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी शेजारच्या आळे गावातच आहे. एवढी शिदोरी पुरे. आता निघा.

साल १८९९ च्या सुमाराचं, गाव लंडन. पंचविशीतला एक तरुण वहीवर वाकून देवनागरी अक्षरं गिरवतोय. गुस्ताव्ह होल्स्ट त्याचं नाव. उजव्या हाताच्या नसांच्या दुखण्याने त्याचा पियानो सुटला. आता ट्रॉम्बोन वाजवून तो पोट भरतो. ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरं त्याने वाचली, पण ती गळ्यात बसेनात. म्हणून डॉ. मेबल बोड यांच्याकडे तो मुळापासून संस्कृत शिकू लागला. तुम्ही त्याच्या मागे उभे राहून पाहता: एका शब्दासाठी कोश उघडतो, ओळ लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. पंडित तो होणार नाही. पण उषेची आणि जलाची सूक्तं स्वतःच्या शब्दांत मांडून पुढे बायकांच्या आवाजांसाठी आणि हार्पसाठी बांधण्याइतकं तो नक्की शिकेल.

काही वर्षं पुढे सरका. १९०५ पासून तो हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवतोय. आठवडाभर वर्ग, स्वतःच्या रचनेला उरतात रविवार आणि सुट्ट्या. अशा वेळातून वेळ काढत त्याने 'सीता' हा तीन अंकी ऑपेरा १९०६ मध्ये पुरा केला. वाग्नरच्या थाटाचा, भल्यामोठ्या वाद्यवृंदाचा. एका स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं नाही. मग १९०८ मध्ये त्याने सावित्रीची गोष्ट हाती घेतली आणि सगळा डामडौल बाजूला ठेवला.

आता ५ डिसेंबर १९१६, मंगळवार. महायुद्ध चालू आहे, सॉमची लढाई थांबून तीन आठवडेही झालेले नाहीत. आजच पंतप्रधान आस्क्विथ यांनी राजीनामा दिलाय. होल्स्टनेही सैन्यात जायला बघितलं होतं. तब्येतीमुळे त्याला घेतलं नाही. तुम्ही सेंट जॉन्स वुडमधल्या वेलिंग्टन हॉलमध्ये येऊन बसता. लंडन स्कूल ऑफ ऑपेरातर्फे 'सावित्री'चा प्रयोग आहे, संचालन हर्मन ग्रुनेबाउम यांचं. वादक मोजा: दोन तंतुवाद्य-चौकड्या, एक डबल बास, दोन बासऱ्या, एक इंग्लिश हॉर्न. बारा जण. होल्स्टच्या सूचनेप्रमाणे हा खेळ उघड्यावर किंवा लहानशा जागेत करायचा. पडद्याचीही गरज नाही.

वाद्यं गप्पच आहेत. एक खर्जातला पुरुषी आवाज उठतो. यम. सावित्रीला हाक मारतो, मी तुझ्या नवऱ्याला न्यायला आलोय म्हणून सांगतो. तिचा आवाज त्याच्या आवाजाशी गुंतत जातो, आणि तरीही साथीला कुणी नाही. लाकूडतोड्या सत्यवान गात घरी येतो, आणि कोसळतो. आत लपलेला बायकांचा गायकवृंद शब्दांवाचून नुसता स्वर धरतो, तेव्हा तुमच्या अंगावर काटा येतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी कान द्या. महाभारतात ती सासऱ्याचे डोळे मागते, राज्य मागते, शंभर पुत्र मागते. इथे ती यमाचं स्वागत करते. तो म्हणतो, स्वतःसाठी एक वर माग, सत्यवानासाठी मात्र नाही. ती मागते जीवन, भरभरून जीवन. यम देतो. मग ती त्याला दाखवून देते की सत्यवानावाचून ते जीवन उभंच राहत नाही. यमाला रिकाम्या हाताने परतावं लागतं. ज्या शहरात घरोघरी आघाडीवरच्या तारेची धास्ती आहे, तिथे हे ऐकताना शेजारची माणसं कशी बसली असतील, हे वेगळं सांगायला नको.

ना सतार, ना पूर्वेचा झगमगाट. परक्या गोष्टीला वरून रंग लावणं सोपं होतं. होल्स्टने तिची भाषा शिकण्याचे कष्ट घेतले आणि तिला नको ते सारं काढून टाकलं. मला हा आदराचा सर्वांत खरा प्रकार वाटतो.

२९ सप्टेंबर १९१८ ला क्वीन्स हॉलमध्ये त्याची 'द प्लॅनेट्स' ही रचना पहिल्यांदा वाजली आणि पुढे तो जगभर तिच्याच नावाने ओळखला गेला. तिच्या शेवटी, नेपच्यूनच्या भागात, तसाच दडलेला, शब्दहीन बायकांचा गायकवृंद आहे. सावित्रीत सापडलेला तो स्वर त्याने ग्रहांपर्यंत नेला. म्हणून तुम्ही ग्रहांपासून नको, सावित्रीपासून सुरुवात करा. अर्ध्या तासाचा ऑपेरा आहे, आणि गोष्ट पाठ असलेल्याला भाषेची अडचण येणार नाही.