इंग्रजीच्या वर्गात स्वदेशी साहित्य

ऑक्टोबर १९६८ मध्ये नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तिघा अभ्यासकांनी एक निवेदन सादर केले. न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्युम्बा व ताबान लो लियोंग ही त्यांची नावे. मागणी धक्कादायक होती : इंग्रजी विभागच बंद करावा!

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला होता. परंतु साहित्याचा अभ्यास म्हणजे इंग्लंडच्या साहित्याचा अभ्यास, ही समजूत अद्याप टिकून होती. वसाहतकाळातील शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलाला छड्या खाव्या लागत, किंवा गळ्यात अपमानकारक पाटी अडकवून हिंडावे लागे, असे न्गुगी यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

निवेदनकर्त्यांना शेक्सपिअर हद्दपार करायचा नव्हता. आफ्रिका केंद्रस्थानी असावी आणि तेथून जगाकडे पाहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लोककथा, गाणी, म्हणी यांचे मौखिक साहित्यही अभ्यासात यावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे तेथे इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला.

शिकवायला पुस्तके होती का? होती. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी विद्यार्थिदशेत जॉइस कॅरी या अँग्लो-आयरिश लेखकाची आफ्रिकेवरील कादंबरी अभ्यासली व त्यातील आपल्या माणसांचे चित्र त्यांना खटकले. १९५८ मध्ये त्यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६२ साली हाइनमान प्रकाशनाने सुरू केलेल्या आफ्रिकी लेखकमालेचे ते पहिले पुस्तक ठरले. या मालेच्या स्वस्त आवृत्त्या शाळांत पोहोचल्या.

अचेबे यांचे वडील मिशनचे धर्मशिक्षक होते. म्हणून ही कादंबरी आपण अवश्य वाचावी. तीत सौम्य मिशनरी आहे, तसाच कठोरही. जुन्या समाजाचे वैभव आहे, तसेच जुळ्या अर्भकांना अरण्यात टाकून देण्याची क्रूर चालही. त्या समाजाने दूर लोटलेल्यांना चर्चने जवळ केले, हेही लेखक लपवीत नाही.

आपल्याकडे या विचाराची जुनी परंपरा आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांच्या हाती परकी पोथी दिली नाही. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले.

आज धर्मग्रामातील अनेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. इंग्रजी त्यांना यावीच. परंतु त्या भाषेतून त्यांना स्वतःचे घरही दिसावे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद १९५० सालीच झाला आहे. त्यातील चार पाने वर्गात वाचायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागणार नाही. मग शिक्षकाने मुलांना सांगावे : आता तुमच्या आजीने सांगितलेली एखादी गोष्ट इंग्रजीत लिहा.