नांवांची वही आणि टपालाचा भार

संस्थांच्या इतिहासांत एक गोष्ट वारंवार आढळते. एखादें साधन एका कामासाठीं निर्माण होतें. तें हाताशीं आहे म्हणून दुसरेंच काम त्याच्या गळ्यांत पडतें. आणि त्या दुसऱ्या कामांत तें उणें पडलें कीं, लोक त्यासच बोल लावूं लागतात. इंटरनेटवरील नामव्यवस्थेचा, म्हणजे डी. एन्. एस्. चा इतिहास ह्याच जातीचा आहे. यंत्राचें नांव विचारलें असतां त्याचा अंकरूप पत्ता सांगावा, एवढेंच तिचें मूळ काम. परंतु ई-पत्रें रवाना करणाऱ्या सर्व्हरांवरील भार वांटण्याचें कामही कालांतरानें तिच्याकडे आलें. तें तिला कितपत झेपलें, ह्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अर्पानेटच्या काळीं सर्व यंत्रांचीं नांवें व पत्ते एकाच यादींत असत. ही यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखालीं ठेवली जाई, व ज्यानें त्यानें तिची नक्कल उतरून घ्यावी, असा परिपाठ होता. यंत्रें वाढलीं तशी ही एक वही पुरेनाशी झाली. तेव्हां नोव्हेंबर १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं नवी योजना मांडली. गांवोगांवच्या कुळकर्ण्यानें आपापलें दप्तर राखावें, आणि वरच्या कचेरीनें कोणाचें दप्तर कोठें आहे एवढेंच सांगावें, अशासारखी ती योजना होती. एकदां मिळालेलें उत्तर ठराविक मुदतीपर्यंत जवळ ठेवून वापरण्याची मुभाही तींत होती. ही मुभा पुढें किती महत्त्वाची ठरली, तें लवकरच दिसेल.

टपालाच्या बाबतींत पहिली सुधारणा जानेवारी १९८६ मध्यें झाली. क्रेग पार्ट्रिज यांनीं वर्णिलेल्या एम्. एक्स्. नोंदीमुळें एका संस्थेचें टपाल स्वीकारणारे अनेक सर्व्हर क्रमांकासह नोंदतां येऊं लागले. लहान क्रमांकाचा सर्व्हर आधीं गांठावा, तो न मिळाल्यास पुढचा, असा नियम होता. क्रमांक सारखेच असतील तर त्यांतील कोणताही एक यदृच्छेनें निवडावा, म्हणजे भार विभागला जाईल, अशी शिफारस ऑक्टोबर १९८९ च्या नियमपत्रांत आली. २००१ च्या नियमपत्रांत तीच आज्ञा झाली.

पण ही सोय येणाऱ्या टपालाची. संस्थेंतील माणसें जीं पत्रें बाहेर धाडतात, त्यांचें काय? त्यांच्या संगणकावरील कार्यक्रम एम्. एक्स्. नोंद पाहात नाहीं; त्याला रवानगीच्या सर्व्हराचें एक नांव सांगितलेलें असतें व तो त्याचा पत्ता विचारतो, इतकेंच. मग त्या एका नांवापुढें चार सर्व्हरांचे पत्ते लिहावे, आणि प्रत्येक विचारणाऱ्यास ते फिरत्या क्रमानें सांगावे, अशी युक्ति निघाली. रहाटगाडग्याचे पोहरे जसे पाळीपाळीनें वर येतात, तसे पत्ते पाळीनें पुढें येतात. आणि बहुतेक कार्यक्रम पहिलाच पत्ता उचलीत असल्यामुळें काम आपोआप वांटलें जातें. रटगर्स विद्यापीठांतील टॉमस ब्रिस्को यांनीं एप्रिल १९९५ मध्यें अशा भारवांटणीचें विवेचन प्रसिद्ध केलें.

युक्ति स्वस्त होती, पण तिचे दोष मूळ रचनेंतच होते. वही राखणाऱ्यास नांवें ठाऊक असतात. कोणता गडी दमला आहे, कोणता अंथरुणाला खिळला आहे, हें त्याला कळत नाहीं. बंद पडलेल्या सर्व्हराचा पत्ताही तो पाळी आली कीं निमूटपणें सांगतो. शिवाय एका मोठ्या कचेरीनें एकदां मिळालेलें उत्तर मुदतभर जवळ ठेविलें, कीं तिचीं हजारों पत्रें एकाच सर्व्हरावर लोटूं शकतात. मुदत थोडी ठेवावी, तर विचारणा वाढते. त्यांत फेब्रुवारी २००३ च्या एका नियमानें आणखी भर पडली. विचारणाऱ्याच्या पत्त्याशीं ज्या पत्त्याचा आरंभीचा भाग अधिक जुळेल तो आधीं घ्यावा, असें त्यानें सांगितलें. आणि जेथें हा नियम अक्षरशः पाळला गेला, तेथें रहाटाचा फेरा व्यर्थ झाला.

असें असूनही टपालांत ही युक्ति टिकली, ह्याचें कारण टपालाच्या स्वभावांत आहे. एक पत्ता न मिळाल्यास टपाल-सर्व्हर दुसरा गांठतो. कोणीच न मिळाल्यास पत्र रांगेंत ठेवतो व निदान चार-पांच दिवस खटपट करतो. वेबपृष्ठ उघडणाऱ्यास इतका धीर नसतो.

खरी कसोटी निराळ्याच दिशेनें आली. नको असलेल्या पत्रांचा सुळसुळाट झाल्यावर पत्र स्वीकारणारे सर्व्हर धाडणाऱ्याची पत पाहूं लागले. २००३ मध्यें इव्हन हॅरिस यांनीं सुचविलेल्या रीतीनें अपरिचित पत्त्यावरून आलेलें पत्र प्रथम तात्पुरतें परत लावलें जातें. पुन्हां प्रयत्न दुसऱ्याच सर्व्हराकडून झाला, तर तोही अपरिचितच ठरतो. एप्रिल २००६ मध्यें एस्. पी. एफ्. चा नियम प्रसिद्ध झाला. आपल्या नांवानें कोणत्या पत्त्यांवरून पत्रें निघावीं, हें संस्थेनें नामव्यवस्थेंतच नोंदवावें, असा त्याचा आशय आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयानें चार सर्व्हरांच्या पाळींत पांचवा घातला, पण त्याचा पत्ता ह्या नोंदींत घालावयाचा राहिला. मग सुमारें पांचांतील एक पत्र संशयित ठरणार. प्रवेशाची वार्ता चौघां विद्यार्थ्यांस मिळते, पांचव्यास मिळत नाहीं. आणि तपासणाऱ्यानें चांचणीपुरतें एक पत्र धाडून पाहिलें, तर बहुधा तें बिनबोभाट पोहोंचतें! सगळेंच टपाल बंद पडलें तर तें तत्काळ लक्षांत येतें. असा तुटक दोष महिनोनमहिने लपून राहतो.

ह्या इतिहासावरून नामव्यवस्थेस भारवांटणीस अपात्र ठरविणारे, आणि तेवढ्यानेंच सर्व साधतें असें मानणारे, हे दोन्ही पक्ष आम्हांस एकांगी वाटतात. थोडे व सारख्या कुवतीचे सर्व्हर, अल्प मुदतीची नोंद, बंद पडलेल्याचा पत्ता लगेच काढणारा पहारा, आणि प्रत्येक सर्व्हराची उलट नोंद व एस्. पी. एफ्. मधील उल्लेख, इतकें सांभाळलें तर मध्यम संस्थेचें काम ह्या जुन्या वहीवर नीट चालतें. मात्र वहीनें वांटला जातो तो केवळ भार. प्रत्येक पत्र संस्थेच्याच नांवानें जातें, आणि त्याची जबाबदारी चार यंत्रांत विभागून कमी होत नाहीं. उलट ती चार ठिकाणीं सांभाळावी लागते.