एक तंत्र, दोन नावे

धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर अणुस्तरांच्या मापाने वाढविण्याच्या तंत्राचा आरंभ १९७४ साली फिनलंडमध्ये तुओमो सुंतोला यांनी केला, असे सामान्यतः सांगितले जाते. हे अर्धसत्य होय. लेनिनग्राडमध्ये अलेस्कोव्स्की यांनी १९५२ च्या प्रबंधात त्याचे तात्त्विक बीज मांडले होते. पुढे १९६० नंतरच्या दशकात कोल्त्सॉव्ह यांच्यासह त्यांनी सिलिका जेलवर टायटॅनियम टेट्राक्लोराइड व पाणी यांची वाफ आळीपाळीने सोडून ऑक्साइडचे थर चढविले. पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट संपताच विक्रिया आपोआप थांबते. म्हणून थराची जाडी आवर्तनांच्या संख्येवरून ठरते.

रशियन संशोधकांनी यास ‘रेणवीय स्तरण’ म्हटले. सुंतोला यांनी स्वतंत्रपणे झिंक सल्फाइडपासून आरंभ करून ‘अणुस्तर एपिटॅक्सी’ हे नाव योजिले. परंतु ‘एपिटॅक्सी’त आधारस्फटिकाची मांडणी वरच्या थराने अनुसरणे अभिप्रेत असते. अस्फटिकी ऑक्साइडांस ते लागू पडेना. म्हणून ‘अणुस्तर निक्षेपण’ हे नाव रूढ झाले. २००७ साली इंटेलच्या ट्रान्झिस्टरांत हॅफ्नियमयुक्त ऑक्साइडाच्या थरासाठी हेच तंत्र वापरले गेले.

सारांश, रसायनाचे अग्रत्व लेनिनग्राडकडे, तर उद्योगोपयोगी यंत्रसिद्धीचे श्रेय फिनलंडकडे जाते. नावे भिन्न राहिल्याने एकाच तंत्राचे दोन इतिहास दीर्घकाळ वेगळे वाचले गेले.